तिसऱ्यांदा विचारल्यावर

एल्व्हिक गावात पहिल्या 'नको'ला काही किंमत नसते. दुसऱ्यालाही फारशी नसते. कॉफी घेणार का, असं विचारल्यावर पाहुण्यानं नको म्हणायचं, घरच्या बाईनं किटली उचलायची, पाहुण्यानं 'कशाला उगाच' म्हणायचं, तिनं कप पुढे सरकवायचा, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर 'बरं, अर्धाच' म्हणून पाहुण्यानं दोन कप रिचवायचे, ही इथली रीत. मिनेसोटाच्या या सपाट, वाऱ्याच्या मुलखात नॉर्वेहून आलेल्या आजे-पणज्यांनी मागे ठेवलं ते एवढंच: एक चर्च, धान्याची दोन उंच कोठारं आणि ही भीड. चर्चचा रंग उडाला, एक कोठार पाडलं, भीड मात्र जशीच्या तशी आहे.

आर्डेल सुंडे या रीतीत मुरलेला माणूस. उंच, थोडा वाकलेला, टोपी कानांपर्यंत ओढलेली. कुणाशी बोलायचं झालं तर समोरासमोर उभं राहणं त्याला भांडणासारखं वाटे. तो शेजारी जाऊन उभा राही, मग दोघांनी मिळून शेताकडे बघत बोलायचं. सगळी उमर त्यानं दुधाचा टँकर चालवला. पहाटे गोठ्यागोठ्यांवरून दूध गोळा करायचं आणि चीजच्या कारखान्यात नेऊन ओतायचं. एका हिवाळ्यात टँकर घसरून रस्त्याकडेच्या चरात गेला. एक शेतकरी थांबला, ट्रॅक्टर आणू का म्हणाला. आर्डेल म्हणाला, नको, बघतो मी. शेतकरी घरी जाऊन जेवला, परत आला, पुन्हा विचारलं. आर्डेल म्हणाला, तुला उगाच त्रास. तेव्हा तो शेतकरी गोठ्यातली कामं उरकून तिसऱ्यांदा आला, तो ट्रॅक्टर घेऊनच. तोवर आर्डेलच्या मिशांवर बर्फ धरला होता. ही गोष्ट गावात अजून सांगतात, पण हसण्यासाठी नव्हे, माणूस कसा असावा याचा दाखला म्हणून.

लग्नाचंही तसंच झालं. चर्चच्या नाचाला त्यानं मर्नाला विचारलं, ती नको म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारायला त्याला दुसऱ्या वर्षीचा नाच उजाडला. मर्ना वर्षभर थांबली, दुसऱ्या कुणाबरोबर नाचली नाही, आणि त्याबद्दल एक अक्षरही बोलली नाही. दोघांचा जोडा असा जमला की घरात शेवटचा बटाटा ताटलीत पडून राहायचा आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्याला जायचा.

या दोघांचं घर रुळांपलीकडे. गाव म्हणजे तीनशेच्या आतबाहेरची वस्ती. चर्च, सभागृह, दुकानं, अग्निशमनाची शेड, सगळं रुळांच्या उत्तरेला, आणि दक्षिणेला फक्त सात घरं. मधे एक फाटक. दिवसातून दोनदा मालगाडी जाते, तेव्हा घंटा वाजते, दांडा खाली येतो, गाडी गेली की वर जातो. या सात घरांतल्या कुणालाही गावात यायचं तर फाटकातून, आणि अँब्युलन्सला तिकडे जायचं तरी फाटकातूनच. अँब्युलन्स अग्निशमनाच्या शेडमध्ये उभी असते आणि गावातलेच लोक ती आपापली कामं सांभाळून, पगाराशिवाय चालवतात.

मर्नाचं हृदय कमजोर होतं. त्या उन्हाळ्यात दोनदा अँब्युलन्स बोलवावी लागली. दोन्ही वेळा गाडी चालवायला होता वेंडेल श्राइबर, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. खिळे, रंग, फावडी, उंदराचे सापळे, जे लागेल ते गावाला त्याच्याकडे मिळतं. दोन्ही वेळा त्यानं मागे वळून विचारलं, फार दुखतंय का मर्ना? दोन्ही वेळा ती म्हणाली, छे, काही नाही, तुला उगाच दुकान बंद करायला लावलं. वेंडेलनं ते ऐकलं आणि रस्त्याकडे बघून गाडी हाकली. तिच्या छातीत त्या वेळी काय चाललं होतं ते पुढे डॉक्टरांनी आर्डेलला सांगितलं. वेंडेलला कुणीच सांगितलं नाही.

सप्टेंबरात रेल्वे कंपनीचा माणूस मोठ्या शहरातून बॅग घेऊन आला. सभागृहात लोक जमले. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. हे फाटक आम्हाला कायमचं बंद करू द्या, त्या बदल्यात तुमच्या सभागृहाचं छप्पर आम्ही नवं करून देतो. छप्पर गळत होतं यात शंका नव्हती. रेल्वेचा माणूस बोलत असताना त्याच्या मागे बादलीत थेंब पडत होते, आणि त्याला स्वतःहून दुसरा दाखला द्यावा लागला नाही. सात घरांसाठी पर्याय होता: खडीच्या रस्त्यानं जुन्या पुलापर्यंत जायचं, पूल ओलांडायचा आणि रुळांच्या दुसऱ्या अंगानं उलटं यायचं. उन्हाळ्यात पाव तास जास्त. बर्फात देव जाणे.

गावकऱ्यांनी मतं मांडली. एक जण म्हणाला, कल्पना वेगळीच आहे. दुसरी म्हणाली, विचार करण्यासारखं आहे खरं. तिसरा म्हणाला, छपरानं काही वाईट होणार नाही. एल्व्हिकमध्ये 'वेगळंच आहे' याचा अर्थ 'मला मुळीच आवडलेलं नाही' असा होतो, पण हे त्या परक्या माणसाला कोण सांगणार? त्यानं कौतुक समजून मान हलवली. सात घरांची माणसं मागच्या रांगेत मूग गिळून बसली होती. फाटक आपल्यासाठीच होतं, मग आपणच उठून ते कसं मागायचं? ज्याचा स्वार्थ नाही अशा कुणी तरी उत्तरेकडच्यानं बोलावं. उत्तरेकडचे वाट बघत होते की मागच्या रांगेतलं कुणी उठतंय का. अडचण असती तर बोलले असते, आपण त्यांच्या वतीनं बोललो तर त्यांना दुबळं ठरवल्यासारखं होईल. असे सगळे एकमेकांचा मान राखत बसले आणि सभा संपली. हरकत कुणीही घेतली नाही, अशी नोंद झाली. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी.

म्हातारे मेयर त्या साली निवृत्त व्हायचे होते. जाता जाता वाईटपणा घ्यायला नको म्हणून त्यांनी निर्णय नव्या कौन्सिलवर सोडला. कौन्सिल म्हणजे चार सभासद आणि मेयर. चौघांचं दोन विरुद्ध दोन होणार हे कोंबडीलाही कळत होतं, म्हणजे नोव्हेंबरात मेयर कोण होतो यावर फाटक ठरणार होतं. वेंडेलनं अर्ज भरला. तो वाईट माणूस नाही. छप्पर गळतंय, ते फुकट मिळतंय, पलीकडच्यांची काही तक्रार नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि वाटायला कारणही होतं.

दुसरा उमेदवार मिळेना. तेव्हा बेव्ह, जी कौन्सिलची कारकून आहे आणि गावातली जवळजवळ एकमेव सडेतोड बाई आहे, आर्डेलच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मेयर होणार का, असं तिनं विचारलं. आर्डेल म्हणाला, माझ्याहून चांगले पुष्कळ आहेत. आठवड्यानं ती पुन्हा आली. तो म्हणाला, मला त्यातलं काय कळतंय. तिसऱ्यांदा ती आली ती कोट न काढताच.

"आर्डेल, हे तिसऱ्यांदा विचारतेय," ती म्हणाली. "चौथ्यांदा विचारायला मी काही येणार नाही. माझ्या गाडीचं पेट्रोल सरकारी नाही."

"कुणीच मिळत नसेल तर लिहा माझं नाव," आर्डेल म्हणाला.

मर्ना ओट्याशी उभी होती. ती कप विसळत राहिली. बेव्हला वाटलं तिला आनंद झाला. आर्डेललाही तसंच वाटलं.

प्रचार म्हणाल तर झाला असं म्हणायला जीभ रेटत नाही. बेव्हनं त्याच्या नावाची एक पाटी करून दिली. आर्डेलनं ती अंगणात रोवली, पण रस्त्याकडे तोंड करून नव्हे, आपल्याच गॅरेजकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाटीची मागची पांढरी बाजू दिसे. ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात वाळवलेल्या माशाचं वार्षिक जेवण झालं. वास नाकात बसला की नाताळपर्यंत जात नाही असा तो मासा, पण न खाणाऱ्याला गावात कुणी मोजत नाही. जेवणानंतर दोन्ही उमेदवारांना बोलायला उभं केलं. वेंडेल छपराबद्दल थोडं बोलला. मग आर्डेल उठला आणि वेंडेलशेजारी जाऊन उभा राहिला.

"वेंडेल चांगला माणूस आहे," तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. "व्यवहाराला चोख आहे. त्याला निवडून दिलंत तर गावाचं वाईट होणार नाही. मीपण उभा आहे."

एवढं बोलून तो बसला. परत जाताना गाडीत मर्ना म्हणाली, "त्याचा प्रचार बरा केलास."

"खोटं बोललो का?"

"नाही. पण एखादं खरं तुझ्याबद्दलचंही सांगायचंस."

मतदानाच्या दिवशी आर्डेल सकाळीच सभागृहात गेला. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभा राहून त्यानं कागद उलगडला. वर वेंडेलचं नाव, खाली त्याचं. ज्याला मत द्यायचं त्याच्या नावापुढचा लंबगोल काळा करायचा. आर्डेल पेन हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. पंगतीत वाढायला उठलेल्या माणसानं पहिल्यांदा आपल्याच ताटात वाढून घ्यावं, तसं त्याला ते वाटलं. कुणी बघत नव्हतं, पण त्यानं काय फरक पडतो? आपण तर बघतच असतो. शिवाय मर्नाचं मत आपल्यालाच आहे, सात घरांची आहेत, एका मतानं काय होतंय. त्यानं वेंडेलच्या नावापुढचा गोल नीट, कडेच्या बाहेर न जाऊ देता काळा केला आणि हलक्या मनानं बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकालाचा कागद सभागृहाच्या दारावर चिकटवलेला होता. वेंडेल निवडून आला होता. एका मतानं.

आर्डेलनं तो कागद वाचला, पुन्हा वाचला. रस्त्यावरून वेंडेलची गाडी गेली, वेंडेलनं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली, आर्डेलनंही उचलली. बेव्हनं त्याला विचारलं, फेरमोजणी हवी का? आर्डेल म्हणाला, नको. सरकारी काम असल्यानं तिनं एकदाच विचारलं.

पुढचा महिना त्याला जड गेला. घरात कुणी वारल्यासारखे लोक येत राहिले, बटाटे आणि खिमा घालून भाजलेली तीच ती हॉटडिश झाकून आणत राहिले, आणि प्रत्येक जण दारात टोपी हातात घेऊन म्हणे, एक मत, आर्डेल, एकच मत. आर्डेल मान हलवी. ते मत कुणाचं होतं हे त्याला माहीत होतं. रात्रीची झोप गेली असं काही झालं नाही, तो झोपे. पण सकाळी उठल्यावर पहिली आठवण तीच येई. फाटकाची घंटा ऐकली की तो हातातलं काम थांबवून मालगाडी जाईपर्यंत उभा राही.

डिसेंबरातल्या एका दुपारी दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी पत्ते खेळत होती. बाहेर बर्फ भुरभुरत होता. आर्डेलनं पान टाकलं आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "मर्ना, मी वेंडेलला मत दिलं."

मर्नानं आपलं पान टाकलं. "का?"

"स्वतःला कसं देणार?"

तिनं हातातली पानं एकेक करून टेबलावर पालथी ठेवली. सगळी ठेवून झाल्यावर म्हणाली, "मीही त्यालाच दिलं."

आर्डेलला राग आला. इतक्या वर्षांच्या संसारात आला नव्हता एवढा आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना, कारण तिनं जे केलं होतं तेच त्यानंही केलं होतं. तो उठला, कॉफीची किटली उचलली, रिकामी होती, परत ठेवली.

"तुला मत म्हणजे फाटकाला मत," मर्ना म्हणाली. "आणि फाटक कुणासाठी? माझ्या छातीसाठी सगळ्या गावानं गळक्या छपराखाली बसायचं? ते मीच माझ्या हातानं मागायचं?"

"छप्पर गळलं तर खाली बादली ठेवता येते, मर्ना."

मर्नानं पालथ्या पानांच्या कडा सारख्या केल्या. मग म्हणाली, "दुसऱ्या वेळी फार दुखत होतं. वाटलं, आता संपलं. वेंडेलला म्हटलं काही नाही."

"मलापण तेच म्हणालीस."

"तू तरी पुन्हा कुठं विचारलंस?" मर्ना म्हणाली.

त्या दिवशी अँब्युलन्समध्ये तिच्या पायाशी बसून त्यानं एकदाच विचारलं होतं, ती नाही म्हणाली, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. कॉफीसाठी तीनदा विचारणारा माणूस तिथं एकदाच विचारून थांबला, कारण खरं उत्तर ऐकायची त्याला भीती वाटली. हे त्याला त्या टेबलाशी कळलं. डाव तसाच राहिला.

जानेवारीत नव्या कौन्सिलची पहिली सभा भरली. बाहेर थंडी अशी की गाड्या सुरू ठेवूनच लोक आत आले होते. बादली आपल्या जागी होती, पण थेंब गोठल्यामुळे गप्प. रेल्वेचा माणूस पहिल्या रांगेत बॅग मांडीवर घेऊन बसला होता. सात घरांची माणसं मागे, आणि त्यांच्यात आर्डेल आणि मर्ना. आर्डेलनं घरी वाक्य पाठ केलं होतं. गाडीत येतानाही पुटपुटला होता. साधं वाक्य होतं: फाटक राहू द्या, आम्हाला ते हवंय.

चारही सभासद बोलले आणि अपेक्षेप्रमाणे दोन विरुद्ध दोन झाले. वेंडेल मधल्या खुर्चीत बसला होता. निवडून आल्यापासून तो जरा गप्प असे, असं त्याच्या दुकानात येणारे म्हणत. त्यानं समोरचे कागद बाजूला सारले आणि मागच्या रांगेकडे बघितलं.

"आर्डेल," तो म्हणाला, "फाटक बंद झालं तर तुम्हा पलीकडच्यांना फार अडचण होईल का?"

आर्डेल उठला. वाक्य तोंडात होतं. तोंड उघडलं आणि आतून दुसरंच बाहेर आलं, जे लहानपणापासून तिथं बसलेलं होतं.

"नाही, तसं काही नाही. जमवून घेऊ आम्ही."

मर्नानं डोळे मिटले. रेल्वेच्या माणसानं कागदावर काही लिहिलं आणि बॅग उघडून कागद आत ठेवला. "म्हणजे रहिवाशांची हरकत नाही," तो म्हणाला. "मग सही करायला हरकत नसावी."

"थांबा साहेब," वेंडेल म्हणाला. "आमचं अजून विचारून झालेलं नाही."

त्या माणसानं इकडेतिकडे बघितलं. सभागृहात कुणालाही यात काही नवल वाटलेलं दिसत नव्हतं. बेव्हनं लिहिता लिहिता पेन उचलून धरलं होतं.

"आर्डेल," वेंडेल पुन्हा म्हणाला, "पुलावरून चालेल का तुम्हाला?"

"जाता येतं," आर्डेल म्हणाला. "थोडं लांब पडतं, एवढंच."

सगळं सभागृह जरा हललं. टँकर चरात असताना मिशांवर बर्फ धरला तरी ज्यानं 'बघतो मी' म्हटलं होतं, तो माणूस 'थोडं लांब' म्हणत होता. रेल्वेच्या माणसाला त्यात काही ऐकू आलं नाही. त्यानं घड्याळाकडे बघितलं.

वेंडेल खुर्चीतून उठला, टेबलाला वळसा घालून मागच्या रांगेपर्यंत आला आणि आर्डेलशेजारी उभा राहिला. आता दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"हवंय का तुला फाटक?" त्यानं हळूच विचारलं.

"हो," आर्डेल म्हणाला. "हवंय. मर्नाचं हृदय चांगलं नाही, वेंडेल. तू तिला नेलंस तेव्हा ती मरत होती. पाव तास उशीर झाला असता तर मेली असती. मला फाटक हवंय."

लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. भर सभेत माणसानं अंगावरचा सदरा काढावा, तसा तो संकोच होता. आर्डेलचे कान लाल झाले. मग मागच्या रांगेतली, शेवटच्या घरात एकटी राहणारी एक म्हातारी, कुणाकडेही न बघता म्हणाली, "आम्हालापण." आणि मग एकेक करून सात घरांतल्या सगळ्यांनी तेवढंच म्हटलं.

वेंडेल आपल्या जागेवर परत गेला. बसला नाही. "मी तिला दोन्ही वेळा एकेकदाच विचारलं होतं," तो म्हणाला, आणि कुणाला उद्देशून ते नीटसं कळलं नाही. "माझं मत फाटक ठेवायला." बेव्हनं पेन खाली आणलं. रेल्वेचा माणूस म्हणाला, ही पद्धत जरा वेगळीच आहे. त्याचा अर्थ मात्र सगळ्यांना बरोबर कळला.

सभा संपल्यावर आर्डेल आणि वेंडेल बाहेर गाड्यांच्या मधे उभे राहिले, दोघंही रुळांकडे तोंड करून.

"मी तुला मत दिलं होतं," वेंडेल म्हणाला.

"मी तुला," आर्डेल म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं पुस्ती जोडली, "मर्नानंही."

वेंडेलनं श्वास सोडला, त्याची वाफ झाली. "माझ्या बायकोनं कुणाला दिलं ते मी विचारलेलं नाही."

"नको विचारूस," आर्डेल म्हणाला. थंडी फार होती, म्हणून दोघं अर्धा तासच बोलत उभे राहिले.

छप्पर गळतंच राहिलं. उन्हाळ्यात लोकांनी शिड्या लावून वर डांबर फासलं, त्यानं थोडं कमी झालं. फाटकाजवळ आर्डेलला भेटलेले लोक जरा अवघडून बोलत. त्यानं सभेत जे केलं ते योग्य होतं हे सगळ्यांना पटलं होतं, पण विसरता येत नव्हतं. आर्डेललाही येत नव्हतं. पण लाजेची भीती जेवढी मोठी असते तेवढी लाज मोठी नसते, असं त्याला वाटायला लागलं होतं, आणि एकदा चर्चच्या तळघरात, सगळ्यांनी निम्मी निम्मी करत नखाएवढी उरवलेली शेवटची वडी त्यानं उचलून तोंडात टाकली. टेबलाभोवतीचे सगळे आपापल्या ताटांत बघायला लागले. मर्नानं रुमालात तोंड लपवून हसू दाबलं.

पुढच्या मार्चमध्ये, भर दुपारी, मर्ना धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करता करता खुर्चीत बसली आणि तिला उठता येईना. आर्डेलनं फोन केला. फाटकातून अँब्युलन्स आली. गाडीवर वेंडेल होता, आणि त्याच्याबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात नुकताच रुजू झालेला एक परिचारक, शिकागोकडचा, चांगला मध्यमवयीन, शिकलेला माणूस. त्यानं मर्नाच्या बोटाला यंत्र लावलं, नाडी बघितली, वाकून विचारलं, "कसं वाटतंय आजी? छातीत दुखतंय का?"

"छे," मर्ना म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "जरा दमले होते. तुम्हाला उगाच त्रास."

परिचारकानं आकडे बघितले. आकडे वाईट नव्हते, चांगलेही नव्हते. तो म्हणाला, आपण इथंच थोडा वेळ थांबून बघू, मग ठरवू.

"तिला पुन्हा विचारा," आर्डेल म्हणाला.

"विचारलं मी आत्ताच. त्या म्हणतायत की—"

"ऐकलं मी. पुन्हा विचारा."

परिचारकानं दाराकडे, वेंडेलकडे बघितलं. वेंडेल म्हणाला, "विचारा. इथं तसंच असतं."

"दुखतंय का?"

"थोडंसं," मर्ना म्हणाली. "एवढं काही नाही."

मग आर्डेल स्वतः तिच्या समोर खाली बसला. शेजारी नव्हे, समोर. गुडघे वाजले. त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. इतक्या वर्षांत ते त्यानं फारसं केलेलं नव्हतं.

"मर्ना, दुखतंय का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"दुखतंय," ती म्हणाली. "खूप दुखतंय, आर्डेल. ने मला."

वेंडेलनं गाडी बंद केलीच नव्हती. ते निघाले तेव्हा फाटक उघडं होतं.